मिरजेच्या चिंचेखाली

बडोद्याच्या घडियाळी पोळमध्ये आमचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी मांडलेलं. घराचा पुढचा खण, रस्त्याच्या अंगाला ओटा, आत भिंतीला टेकून उभे केलेले तंबोरे आणि सतारी. मांडवीची रहदारी इथवर ऐकू येते. पण भल्या सकाळी गल्ली निवांत असते आणि सूर लावायचं काम मी त्याच वेळात उरकून घेतो. नवरात्रात मात्र ते जमत नाही. अंबामातेच्या देवळापुढे पुरुषांचा गरबा रंगतो, रात्र लांबत जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही कान त्या ठेक्यातून बाहेर आलेले नसतात. ते नऊ दिवस मी नुसतं लाकूडकाम करतो. भोपळ्याच्या चिरा बुजवायच्या, खुंट्या घासायच्या, चपड्याचं पॉलिश द्यायचं.

बडोद्यात तंबोऱ्यांना तोटा नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी 1886 साली गायनशाळा सुरू केली. सूरसागरच्या काठचं आजचं संगीत महाविद्यालय हे तिचंच वाढलेलं रूप. तिथली मुलं माझ्याकडे येतात. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यांवरूनही अधूनमधून एखादा तंबोरा गवसणीसकट खाली उतरतो आणि माझ्या ओट्यावर येऊन पडतो. अलीकडे मात्र निम्म्याहून जास्त काम गिटारींचं. मी गिटारीला कधी नाही म्हटलेलं नाही. ताण दिलेली तार, तिला पेलणारं लाकूड आणि दोन्हीच्या मध्ये बसलेली घोडी, एवढं जिथे असेल तिथे माझा हात चालतो.

या धंद्यातलं खरं कसाचं काम म्हणजे जवारी. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला तारेच्या दिशेने अगदी मंद उतार असतो. पूर्वी ती सांबरशिंगाची करत, आता हाडाची किंवा शिसवीसारख्या घट्ट लाकडाची करतात. तार छेडली की ती या उतारावर टेकत, सुटत, पुन्हा टेकत राहते, आणि त्या टेकण्यातून तो झंकार उठतो. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा, तो केसभर पुढे-मागे करायचा, आणि जिथे आवाज फुलतो तिथे थांबायचं. तारेच्या घर्षणाने वर्षानुवर्षांत घोडीवर चर पडतात. मग दोरा कितीही सरकवा, आवाज उघडत नाही. अशा वेळी तारा बाजूला करून घोडी बारीक कानशीने घासायची, मग पॉलिशपेपर, मग पुन्हा तार चढवून ऐकायचं. कानस दोनदा ओढायची आणि चार मिनिटं ऐकायचं, असा हा हिशेब आहे. घाई केली की तार मुकी होते, आणि घोडीचं गेलेलं हाड परत आणता येत नाही.

जवारी नीट निघाली हे कळतं कसं? खर्जाची तार एकटी छेडायची आणि डोळे मिटून बसायचं. तार वाजते षड्जात, पण ती विरत जाताना तिच्यातून गंधार वर येतो. तो कुणी वाजवलेला नसतो. तारेचा पाचवा अंश, मूळ षड्जाच्या दोन सप्तकं वर. तो गंधार स्वच्छ ऐकू आला की माझं काम झालं. वडिलांनी मला हे शिकवताना शब्द फार वापरले नाहीत. ते तार छेडायचे आणि बोट वर करायचे. गंधार निघून गेला की बोट खाली.

एका हिवाळ्यात एक मुलगा आला. घर मराठी, दांडिया बाजारातलं, शिकायला विद्यापीठात. एका खांद्यावर गिटार, दुसऱ्या हातात आजीचा तंबोरा. गिटारीचे पडदे झिजले होते, ते समतल करून हवे होते. तंबोऱ्याचं म्हणाल तर आजीने फक्त ‘बघून घे’ म्हणून पाठवला होता. तबलीच्या आत कागद चिकटवलेला, त्यावरची अक्षरं गेलेली, फक्त ‘मिरज’ एवढं वाचता येत होतं. मी गिटारीला हात घातला आणि तो ओट्यावर बसून बोलत राहिला. त्याचं बोलणं सगळं एका आयरिश गिटारवाल्याभोवती, रोरी गॅलाघर. 2 मार्च 1948 रोजी आयर्लंडच्या वायव्येला बॅलीशॅनन नावाच्या लहानशा गावात त्याचा जन्म झाला, कॉर्कमध्ये तो वाढला आणि 14 जून 1995 रोजी लंडनमध्ये गेला. रॉक आणि ब्लूज वाजवायचा. 1963 साली त्याने कॉर्कमधल्या एका दुकानातून शंभर पौंडांना 1961च्या बनावटीची जुनी स्ट्रॅटोकास्टर हप्त्याने घेतली आणि जन्मभर मुख्यतः तीच वाजवली. एकदा ती चोरीला गेली आणि पावसात भिजून परत मिळाली. तिचा रंग इतका उडाला की आतलं लाकूड उघडं पडलं, तरी त्याने तिला नवा रंग लावला नाही.

आता त्या बॅलीशॅननमध्ये दर उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच्या नावाने उत्सव भरतो. जगभरातून गिटारवाले येतात, मोठ्या तंबूत, रस्त्यावर, गावातल्या पबांमध्ये त्याचीच गाणी वाजतात. गावात त्याचा पुतळा आहे. मुलाने मोबाइलवर मला ती गर्दी दाखवली. अरुंद चढाचे रस्ते, ढगाळ आकाश, आणि हातात गिटार घेतलेली पिकल्या केसांची माणसं.

“काका, आपल्याकडे असं कुणासाठी करतात का? म्हणजे एका गावाने एका कलावंतासाठी?” त्याने विचारलं.

मी त्याच्या आजीच्या तंबोऱ्यातला कागद दाखवला आणि म्हटलं, “हा जिथून आला तिथे करतात. आणि तो कलावंत आपल्या बडोद्यातूनच गेला.”

अब्दुल करीम खाँसाहेबांचा जन्म 1872चा, उत्तरेतल्या किराना गावातला. तरुणपणी ते बडोद्याला आले आणि गायकवाडांच्या दरबारी गायक म्हणून राहिले. त्या काळी राज्याचा कलावंत कारखाना होता. हत्ती-घोड्यांच्या खात्यासारखं हे गायक-वादकांचं खातं. त्याला नियम होते, हजेरी होती, गैरहजेरीला दंड होता. दरबारातल्या सरदार माने घराण्यातल्या ताराबाईंना खाँसाहेब गाणं शिकवू लागले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोघांनी मिळून बडोदा सोडलं. धर्म वेगळे, दर्जा वेगळा. त्या काळात याची किंमत काय मोजावी लागली असेल याची कल्पना आपण करू शकतो. दोघं मुंबईला, तिथून पुढे मिरजेला गेले. सुरेशबाबू माने, हिराबाई, कमलाबाई, सरस्वती राणे ही त्यांचीच मुलं. हिराबाईंचा जन्म मिरजेचा, 1905चा, पण त्या साऱ्या देशाला बडोदेकर म्हणून माहीत झाल्या. जे शहर आईवडिलांनी सोडलं, त्याचं नाव मुलीने जन्मभर वागवलं. बडोद्याच्या माणसाने हे जरा थांबून लक्षात घ्यावं, असं मला नेहमी वाटतं.

बडोद्याने ज्याला पगारावर ठेवलं होतं, त्याला मिरजेने ठेवून घेतलं. मिरजेत प्लेगची साथ असताना खाँसाहेब आजारी पडले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन बरे झाले, अशी आठवण तिकडे सांगतात. तेव्हापासून ते उरुसाला न चुकता गात राहिले. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटू लागलं. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावरच तंबोरा मिळवून घेतला, दरबारी रागाच्या सुरांत ईश्वराचं नाव घेतलं आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मिरजेत आणून दर्ग्याच्या आवारात पुरलं. त्यानंतर उरुसातली ती संगीतसेवा त्यांच्या नावाने चालत आली आहे. हिराबाई तिथे गायल्या, गंगूबाई हनगल गायल्या, भीमसेनजी गायले.

हे मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याने फलाटावरचा तो प्रसंग मला पुन्हा सांगायला लावला. मलाही तो फार जवळचा आहे. छातीत कळ आलेला माणूस आधी तंबोरा मिळवून घेतो. गाणं त्यानंतर.

उरूस चांद्र महिन्यांप्रमाणे येतो, म्हणून दरवर्षी थोडा मागे सरकतो. त्या वर्षी तो थंडीत आला होता. मी तसाही मिरजेला जाणारच होतो, भोपळे आणि घोड्या आणायच्या होत्या. मुलगा म्हणाला, मी येतो. आजीने परवानगी दिली, आणि तंबोराही बरोबर न्यायला सांगितलं. बंगळूरकडे जाणारी गाडी बडोद्याहून सुरत, वसई, कल्याण, पुणे असं करत मिरजेला नेते. तंबोरा वरच्या बर्थवर आडवा, भोपळ्याखाली माझी शाल. रात्रभर मुलगा उठून उठून त्याच्याकडे पाहत होता.

मिरज आता दवाखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. कर्नाटकातून, कोकणातून माणसं उपचारासाठी येतात आणि स्टेशनाबाहेर रिक्षावाले आधी दवाखान्याचंच नाव विचारतात. पण या गावाचा दुसरा प्राण सतारमेकर गल्लीत आहे. तिथली शिकलगार घराणी मूळची हत्यारं घडवणारी, तलवारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचं काम संपत आलं आणि त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांना हात घातला. पटवर्धनांचं संस्थान, संगीताची जाण असलेले संस्थानिक, गावात येणारे-जाणारे गवई. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते, विष्णु दिगंबर पलुस्करांनी त्यांच्याकडे विद्या घेतली ती इथेच. वाद्यं मोडायची, आणि दुरुस्त करणारं कुणीतरी लागायचं. दुरुस्तीतून घडवणं आलं. आमच्या धंद्यात हीच वाट खरी आहे. आधी मोडलेलं उघडून पाहायचं, मग नवं करायचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी वाचून मी दुकानात पेढे वाटले होते.

गल्लीत मी ज्यांच्याकडे जातो त्या घरात एकाच खोलीत भोपळे, दांड्या, लाकडाचा भुसा आणि माणसं असतात. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. मडक्यासारखा आकार हवा म्हणून वेलीवर असतानाच त्यांची काळजी घ्यावी लागते, नंतर ते कित्येक महिने वाळवतात. लाकूड तूणीचं. मी भोपळे निवडत होतो, प्रत्येक हातात घेऊन बोटांच्या पेरांनी वाजवून. पातळ चालत नाही, फार जाडही चालत नाही. घरातल्या वयस्कर कारागिरांनी, त्यांना सगळे चाचा म्हणतात, आजीचा तंबोरा मांडीवर घेतला. आतल्या कागदाकडे त्यांनी बघितलंच नाही. दांडी आणि भोपळा जिथे जुळतो त्या गळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “आमच्याच घरातला आहे. हा सांधा आमच्या आजोबांचा.” मग त्यांनी घोडीवरचे चर नखाने चाचपले. “घोडी तुम्हीच करा,” मला म्हणाले. “तुमच्या हवेत राहायचंय त्याला.” त्यांचं बरोबर होतं. मिरजेच्या कोरड्या हवेत काढलेली जवारी बडोद्याच्या पावसाळ्यात बसते.

संध्याकाळी दर्ग्याकडे निघालो. उरुसाचा बाजार म्हणजे पाळणे, बांगड्या, खाजा, गुळाची जिलेबी. मिरजेच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीला, मान आहे, आणि गावातल्या सगळ्या जाती-धर्मांची माणसं नवस फेडायला येतात. आवारात शिरलं की बाजाराचा आवाज मागे पडतो. चिंचेचं झाड, त्याच्याजवळ मांडव, खाली सतरंज्या. खाँसाहेब याच चिंचेखाली बसून गात. श्रोत्यांमध्ये फेटेवाले शेतकरी, बुरखा घेतलेल्या बायका, सांगलीकडून नऊवारीतल्या आज्यांसह आलेली मराठी कुटुंबं, संगीताच्या वर्गातली मुलं. तिकीट नाही. कलावंत इथे मानधनासाठी येत नाहीत, हजेरी लावायला येतात. बडोद्याच्या कारखान्यात जी हजेरी चुकली की दंड कापला जायचा, ती इथे माणसं आपण होऊन, शेकडो कोस प्रवास करून देतात. खाँसाहेबांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी होत्या.

माझं काम मांडवाच्या मागे. चाचा आणि त्यांचे पुतणे गायकांचे तंबोरे मिळवून देतात आणि मी गेलो की मलाही एका बाजूला बसवतात. हे काम बाहेरून सोपं दिसतं. एक तरुण गायिका आली, तिची पट्टी काळी चार, आणि मालकंस गाणार होती. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमात घ्यायची. तिचे दोन्ही तंबोरे मी मिळवून ठेवले. त्यानंतरचे बुवा काळी एकमध्ये. म्हणजे दुसरी जोडी, मोठ्या भोपळ्याची, जाड तारांची. मांडवामागे अंगाला झोंबणारी थंडी होती. थंडीत तार आखडते आणि सूर चढतो. तोच तंबोरा रंगमंचावर दिव्यांच्या उष्णतेत नेला की दहा मिनिटांत उतरतो. म्हणून मागे तो जरासा चढाच ठेवायचा, आणि वर गेल्यावर गायक रागाची पहिली आलापी सुरू करण्यापूर्वी तारांवरच्या मण्यांनी नेमका करून घ्यायचा. हा ‘जरासा’ किती, हे कुणी सांगू शकत नाही. हवा, तारेचं वय, खुंटी किती घट्ट आहे, यावर ते अवलंबून असतं. खुंटी सरकत असेल तर खडूची पूड लावायची. एकदा काम सुरू झालं की मला पुढचं गाणं धड ऐकू येत नाही. पुढे एक बंदिश चालू असते आणि माझ्या कानाशी दुसऱ्याच सुराची तार.

मुलगा माझ्याजवळच बसला होता. खुंट्या दाबून धरायचं काम मी त्याला दिलं होतं. त्याच्या हातात बळ होतं आणि गिटारीमुळे कानही तयार. पण एका जागी तो अडला. जोडीच्या तारा मिळाल्या असं तो म्हणत होता आणि चाचा मान हलवत होते. मग चाचांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंद करायला सांगितला, खर्ज छेडला आणि काही न बोलता थांबले. मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा बदलला. “काका, ग ऐकू येतोय.” पुन्हा छेडला. “पण हा माझ्या गिटारीतला ग नाही. हा खाली आहे.”

ते खरंच आहे. गिटारीचे पडदे ठोकून बसवलेले असतात आणि सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून त्यांची जागा ठरते. त्या वाटणीत शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा येतो. षड्जापासून पुढच्या षड्जापर्यंत 1200 सेंट धरले, तर हे अंतर काहीच नाही असं वाटेल. पण शेजारी तंबोरा वाजत असेल तर ते टोचतं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, म्हणून ते सरकवता येतात. गिटारवाल्याला ती सोय नाही. मुलगाच मग सांगू लागला की ब्लूज वाजवणारे म्हणूनच तार ओढतात. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये त्यांचा एक सूर असतो, तो कुठल्याच पडद्यावर नाही. बोटाने तार ताणून तो काढावा लागतो, किंवा काचेची नळी तारेवरून सरकवून. रोरी दोन्ही करायचा. अमेरिकेतल्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या माणसांच्या गळ्यातला तो सूर लाकडावर ठोकलेल्या पडद्यांत मावला नाही, आणि त्यांनी तो तारेतून ओढून काढला.

खाँसाहेबांचा सगळा जन्म या मधल्या जागांमध्ये गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मापं काढत होते, त्यांचं पुस्तक 1910चं. त्या संशोधनाला गळ्यातून आणि बीनवर श्रुती दाखवणारा माणूस लागत होता, तो अब्दुल करीम खाँ. इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स या कामात होते, आणि 1916 साली भातखंड्यांनी बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तेव्हा श्रुतींचा वाद तिथवर येऊन पोचला. खाँसाहेबांना वाद्यदुरुस्ती स्वतःला येत होती, त्याची हत्यारं ते जवळ बाळगत, असं त्यांच्याविषयी लिहिलेलं आहे. माझ्या लेखी हे त्यांच्या गायकीपासून वेगळं काढता येत नाही. ज्याला गंधाराची नेमकी जागा हवी असते, तो घोडी दुसऱ्याच्या हातात देऊन निश्चिंत बसू शकत नाही.

रात्री उशिरा काम हलकं झालं तेव्हा आम्ही दोघं पुढे जाऊन सतरंजीवर बसलो. एक ज्येष्ठ गायक भैरवीकडे वळले होते. त्यांचा आवाज आता वयाने थकलेला, पण दोन्ही तंबोरे भरून वाजत होते आणि त्यांच्या आवाजाला सगळीकडून धरून होते. आवाजात जिथे फट पडायची तिथे तंबोऱ्याचा षड्ज उभा असायचा. मुलगा गायकाकडे पाहत नव्हता. तंबोरा धरलेल्या शिष्याच्या बोटांकडे पाहत होता.

हे सगळं असं शांत दिसत असलं, तरी मिरजेने 2009 साली दंगल पाहिली आहे. त्या आधी 2002 साली आमच्या बडोद्यात दंगलीच्या दिवसांत उस्ताद फैयाझ खाँसाहेबांच्या कबरीची नासधूस झाली होती. आग्रा घराण्याचा एवढा मोठा गवई, दरबारी गायक म्हणून ज्यांनी बडोद्याला जगाच्या नकाशावर ठेवलं, 5 नोव्हेंबर 1950 रोजी ज्यांनी इथेच शेवटचा श्वास घेतला, त्यांची कबर. ती बातमी आली तेव्हा वडील दुकानात होते. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही. मला या दोन गावांची तुलना करायची नाही. दंगल दोन्हीकडे झाली आणि दोन्हीकडे माणसं आहेत. पण मिरजेत दर उरुसाला माणसं चिंचेखाली येऊन बसतात, कारण तिथे गाणाऱ्यांइतकेच तंबोरे घडवणारे, मिळवणारे, खुंट्यांना खडू लावणारे आहेत. कलावंताची आठवण त्याच्या शिष्यांमुळे टिकते असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. ज्या गावात त्याच्या वाद्याची काळजी घेणारे हात असतात, तिथे त्याला वर्षातून एकदा आठवावं लागत नाही. गल्लीत रोज कुणीतरी खर्ज छेडून गंधाराची वाट पाहत असतं. बॅलीशॅननलाही असे हात असतीलच. ती रंग उडालेली गिटार इतकी वर्षं वाजती राहिली, म्हणजे तिच्या तारा, पडदे, खुंट्या कुणीतरी पाहिल्या असणार. त्या माणसाचं नाव मला जाणून घ्यायला आवडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी आजीच्या तंबोऱ्यासाठी हाडाची एक जुनी, न वापरलेली घोडी काढून दिली. पैसे घेतले, ते मी आग्रह केला म्हणून.

परतल्यावर मी त्या घोडीवर काम सुरू केलं. मुलगा शनिवारी येऊ लागला. सुरुवातीला नुसतं बघायचा, आता तो तारा उतरवतो, घोडीच्या पायाखालची जागा साफ करतो, आणि जवारीच्या वेळी मी छेडलेली तार ऐकून बोट वर-खाली करतो. त्याला ते कुणी शिकवलेलं नाही, त्याने मला करताना पाहिलं. आजी एकदा स्वतः आल्या, रिक्षातून. ओट्यावर बसल्या, तंबोरा उभा धरला आणि तासभर नुसत्या छेडत राहिल्या. बाजूच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. गाणं कुणी म्हटलं नाही, कुणी म्हणायलाही सांगितलं नाही.

आता त्या मुलाच्या डोक्यात एक विचार आहे. येत्या 5 नोव्हेंबरला पोळमध्येच, आमच्या ओट्यावर, फैयाझ खाँसाहेबांच्या नावाने लहानशी बैठक करायची. महाविद्यालयातली दोन-तीन मुलं गातील, तो स्वतः गिटारीवर, पडदे काढून टाकलेल्या गिटारीवर, आलाप वाजवेल म्हणतो. मी होकार दिला आहे. नोव्हेंबरची हवा तारांना चांगली असते, पावसाचा दमटपणा गेलेला असतो आणि थंडी अजून पडलेली नसते. खाँसाहेबांचा आवाज ढाल्या सुराचा होता, त्यांच्या घराण्याचं गायचं म्हटलं तर मोठ्या भोपळ्याची जोडी लागेल. एक तंबोरा वडिलांचा आहे, तो तयार आहे. दुसऱ्याच्या भोपळ्याला बुडाशी लांब चीर आहे आणि ती बुजवून चालणार नाही, भोपळाच बदलावा लागेल. मिरजेला कळवलं आहे. चाचांचा निरोप आला की मोठ्या घेराचा एक बाजूला काढून ठेवला आहे, पण अजून पुरता वाळलेला नाही, दसऱ्यापर्यंत थांबा.